तंबू, खडी आणि पोरांची सायकल

जून लागून शाळांना सुट्टी पडली की उत्तर अमेरिकेच्या डोंगराळ भागांत एक वेगळीच लगबग सुरू होते. कॉलोराडोच्या पठारांवर, व्हरमाँटच्या जंगलांत, कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांत आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळकरी मुले-मुली हेल्मेट आणि गुडघ्यांची पॅड घेऊन सायकल-शिबिरांना येतात. सकाळी गवताळ मैदानावर पाठ होतात. दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभे कसे राहायचे, उतारावर कोपरे बाहेर काढून अंग खाली कसे झुकवायचे, ब्रेकवर एकच बोट कसे ठेवायचे आणि नजर पुढच्या चाकावर न खिळवता वळणाच्या पलीकडे कशी न्यायची, हे त्यांना शिकवले जाते. दुपारी जंगलातली एकेरी पायवाट किंवा शेतांमधला खडीचा रस्ता असतो. संध्याकाळी सायकली उलट्या करून पंक्चर काढायचे आणि साखळ्या पुसायच्या. हे सगळे आता इतके रुळले आहे की ते पूर्वापार चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात इथे दोन निरनिराळ्या घराण्यांची सोयरीक झाली आहे. एक घराणे तंबूचे, दुसरे दुचाकीचे. ही दोन्ही शतकभराहून अधिक काळ शेजारून चालली, मध्ये एकदा भेटून पुन्हा दुरावली आणि गेल्या चाळीसेक वर्षांतच खऱ्या अर्थाने एकत्र आली. आपण आधी तंबूच्या घराण्याकडे जाऊ.

वर्ष १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध नुकतेच पेटले होते आणि कनेटिकट राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावी फ्रेडरिक विल्यम गन यांच्या निवासी शाळेतल्या मुलांना सैनिक होण्याचे वेध लागले होते. आपणही कूच करावे, तंबूत झोपावे, उघड्यावर स्वयंपाक करावा असे त्यांना वाटे. गन आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांनी ही हौस मनावर घेतली आणि मुलांना पायी समुद्रकिनाऱ्यावरच्या मिलफर्डला नेले. वाट सुमारे ४० मैलांची होती. तिथे दोन आठवडे होड्या, मासेमारी आणि शेकोटी असा कार्यक्रम चालला. पुढे हा मुक्काम शाळेच्या रिवाजाचाच भाग झाला. अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांचा प्रारंभ म्हणून इतिहासकार साधारणपणे याच मुक्कामाकडे बोट दाखवतात. त्यानंतर १८७६ मध्ये दोन गोष्टी एकमेकींचा पत्ता नसताना घडल्या. पेनसिल्व्हेनियात जोसेफ रॉथरॉक या डॉक्टरांनी अशक्त मुलांसाठी डोंगरावर शरीरसंवर्धनाची शाळा काढली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये हेरमान वाल्टर बियोन या पाद्र्यांनी झुरिक शहरातल्या गरीब घरांतली ६८ मुले गोळा केली आणि शिक्षकांच्या सोबतीने ती अ‍ॅपेनझेलच्या डोंगरात सुट्टीला नेली. बियोन यांचे नाव आज सायकलवाल्यांच्या जगात कोणी घेत नाही. पण शहरातल्या मुलाला डोंगराची हवा हा चैनीचा विषय नसून त्याचा हक्क आहे, ही कल्पना युरोपभर पसरली ती याच प्रयोगातून. पुढे आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

या घराण्यातला सर्वांत विलक्षण माणूस मात्र अर्नेस्ट बॉल्च. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डार्टमथ कॉलेजात शिकणाऱ्या या तरुणाला धनिकांच्या मुलांची चिंता वाटे. उन्हाळ्यात ही मुले आईवडिलांबरोबर मोठ्या हॉटेलांत राहत, नोकर त्यांच्या दिमतीला असत आणि स्वतःच्या हाताने काहीही करण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे. १८८१ मध्ये बॉल्चने स्क्वाम सरोवरातल्या एका बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ सुरू केला. तिथे नोकर नव्हते. मुले स्वतः स्वयंपाक करत, भांडी घासत, होड्या दुरुस्त करत. शिबिराची स्वतःची छोटी बँक होती. काम केले की मजुरी मिळे, ती खात्यावर जमा होई आणि हिशेब मुलांनाच ठेवावा लागे. १८८९ मध्ये हा कॅम्प बंद पडला, म्हणजे तो जेमतेम नऊ उन्हाळे चालला. तरी शिबिरात मुलाने आपले काम आपण करायचे, हा दंडक त्याने घालून दिला. आजच्या सायकल-शिबिरात बारा वर्षांची मुलगी चाक सोडवून ट्यूब बदलते, तेव्हा ती बॉल्चचाच नियम पाळत असते. १८८५ मध्ये समनर डडली यांनी न्यूयॉर्क राज्यात वायएमसीएच्या वतीने मुलांचे शिबिर भरवले. ते आजही चालू आहे. मुलींना थोडे थांबावे लागले. लॉरा मॅटून या शिक्षिकेने १९०२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये ‘कॅम्प केहोंका’ काढला आणि मुलींसाठी रानातल्या जगण्याचे दार उघडले.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. त्यासाठी आपल्याला आणखी मागे, १२ जून १८१७ या दिवसापर्यंत जावे लागते. त्या दिवशी कार्ल फॉन ड्राइस हा जर्मन सरदार मानहाइम शहरातून एका लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला पेडल नव्हते. पायांनी जमीन मागे रेटायची आणि तोल सांभाळायचा, एवढेच तंत्र. दोन वर्षांत लंडनच्या डेनिस जॉन्सन या गाडीकाराने तिची सुधारित आवृत्ती विकायला काढली आणि ती चालवायला शिकवणाऱ्या शाळाही उघडल्या. म्हणजे दुचाकी शिकवण्याचा वर्ग दुचाकीइतकाच जुना आहे. भांडणही तितकेच जुने. त्या काळचे रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेले असत. तोल राखायला सपाट जागा हवी, म्हणून स्वार पादचाऱ्यांच्या वाटेवर घुसत. परिणामी जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या शहरांनी, इतकेच काय आपल्या कलकत्त्यानेही, या यंत्रावर बंदी घातली. चालणाऱ्याच्या वाटेवर चाक असावे की नसावे, हा प्रश्न पुढे दोनशे वर्षे सायकलचा पिच्छा पुरवणार होता.

मधल्या टप्प्यांवर आपण फार रेंगाळायला नको. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल बसले, मग ते चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आले. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने दोन्ही चाके जवळपास सारखी केली आणि साखळीने मागचे चाक फिरवले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर दिला. लक्षात ठेवायचे ते हे की या सगळ्या काळात डांबरी रस्ता जवळपास नव्हताच. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स मोठ्या चाकाच्या सायकलीवर कॅलिफोर्नियातून निघून बोस्टनला पोहोचला, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश वाट त्याला सायकल ढकलत चालावी लागली होती. आज ज्याला आपण ‘ग्रॅव्हल’ म्हणून वेगळे काढतो, ते त्या काळी सायकलिंगचे एकमेव रूप होते.

डोंगराळ आणि कच्च्या वाटेवरच्या सायकलिंगचे खरे पूर्वज शोधायचे तर माझ्या मते १८९७ सालाला तोड नाही. अमेरिकेच्या लष्करातल्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमध्ये कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांची छावणी मोंटाना राज्यात फोर्ट मिझुला इथे होती. लेफ्टनंट जेम्स मॉस यांना वाटे की घोड्याऐवजी सायकलवर सैन्य नेता येईल. सायकलला चारा लागत नाही, ती खिंकाळत नाही आणि आजारीही पडत नाही. १८९६ मध्ये त्यांनी काही सैनिकांना घेऊन यलोस्टोनचा फेरा पूर्ण केला. पुढच्या वर्षी १४ जूनला २० सैनिकांची तुकडी सेंट लुइसकडे निघाली. अंतर सुमारे १,९०० मैल, म्हणजे ३,००० किलोमीटरच्या वर. प्रत्येक सायकलवर अंथरूण, तंबूचा अर्धा भाग, शिधा आणि रायफल. मोंटानाचा चिकट चिखल चाकांत बसून ती फिरेनाशी होत. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत सायकल चालवणेच अशक्य झाल्याने त्यांनी रेल्वेरुळांमधल्या स्लीपरांवरून हाडे खिळखिळी होईपर्यंत वाट काढली. २४ जुलैला ते सेंट लुइसला पोहोचले, तेव्हा स्वागताला मोठी गर्दी लोटली होती. पण लष्कराने हा प्रयोग पुढे नेला नाही आणि तुकडी रेल्वेने परत गेली. सामान सायकललाच बांधून दिवसेंदिवस रानातून जाण्याचा जो प्रकार आज तरुणांमध्ये एवढा प्रिय आहे, तो या सैनिकांनी सव्वाशे वर्षांपूर्वी गियर नसलेल्या सायकलींवर करून दाखवला होता. त्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत यायला हवीत असे मला मनापासून वाटते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये तंबू आणि दुचाकी यांची पहिली भेट झाली. थॉमस हायराम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. लहानपणी, १८५३ मध्ये, तो आईवडिलांबरोबर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातून गाड्यांच्या तांड्याने गेला होता. उघड्या आभाळाखाली झोपण्याची ओढ त्याला तेव्हाच लागली. शिंप्याच्या कसबाने त्याने सायकलवर मावेल असा हलका तंबू शिवला, आयर्लंडच्या कोनेमारा भागात मित्रांबरोबर सायकलने भटकंती केली आणि १८९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्यातून समविचारी माणसे भेटली आणि १९०१ मध्ये ‘असोसिएशन ऑफ सायकल कॅम्पर्स’ ही संस्था उभी राहिली. सायकल आणि शिबिर यांना एकाच नावात गुंफणारी संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षी अस्तित्वात होती, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असेल? तिच्यात मुले मात्र नव्हती. मुलांना घेऊन गेले ते रॉबर्ट बेडन-पॉवेल. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांत ईटन आणि हॅरोसारख्या शाळांतली मुले होती आणि कामगारवस्तीतलीही. स्काउट चळवळ तिथून निघाली. पुढे होल्डिंगच्या संस्थेच्या वारसदार कॅम्पिंग क्लबचे अध्यक्षपद १९१९ मध्ये याच बेडन-पॉवेल यांच्याकडे आले. दोन्ही घराणी एका छपराखाली आली होती आणि सोयरीक तेव्हाच व्हायला हरकत नव्हती. पण सायकलचे नशीब तोवर फिरले होते.

ते फिरवले सायकलवाल्यांनीच. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ने चांगल्या रस्त्यांसाठी देशभर आवाज उठवला, १८९२ पासून त्यासाठी मासिक चालवले आणि १८९३ मध्ये सरकारला रस्त्यांच्या चौकशीचे स्वतंत्र कार्यालय उघडावे लागले. रस्ते सुधारले आणि त्यांवर मोटारी आल्या. प्रौढांनी सायकल सोडली. अमेरिकेत तरी ती मुलांची वस्तू झाली. बाकीच्या जगात तसे नव्हते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती १८ मार्च १९२८ ला पूर्ण केली, सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण, इराक, सिनाई अशी त्यांची वाट वाळवंटांतून आणि उंटांच्या रस्त्यांवरून गेली. खडीवरच्या सायकलिंगचा इतिहास केवळ अमेरिकेचा मानणाऱ्यांनी हे तीन मुंबईकर एकदा तरी आठवावेत.

आपण अमेरिकेत परत येऊ, कारण डोंगरी सायकलचा जन्म होतो तो तिथल्या मुलांच्या खेळण्यातून. १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन काळात, शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांसाठी जाड ‘बलून’ टायरची सायकल आणली. सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद टायर, दणकट पोलादी सांगाडा, पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक. फुटपाथच्या कडा, खड्डे, घरोघरी वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांची जड पिशवी, सारे तिने सोसले. त्यावेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसेल की पोरांच्या खोड्या सोसण्यासाठी बनवलेली ही सायकल डोंगरही सोसेल. १९५३ मध्ये जॉन फिनली स्कॉट या तरुणाने श्विनच्याच सांगाड्यावर जाड टायर आणि गियर चढवून रानवाटांसाठी एक सायकल बनवली. ती एकटीच राहिली. १९५५ मध्ये इंग्लंडच्या लेमिन्स्टर गावी कच्च्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन केली, तीही आपल्याच आनंदात राहिली.

पुढचे पाऊल मुलांनी टाकले, आणि कोणी न शिकवता टाकले. १९६३ मध्ये श्विनने ‘स्टिंग-रे’ ही वीस इंची चाकांची, उंच हँडलची सायकल आणली, तीही कॅलिफोर्नियातली पोरे आपल्या सायकलींचे रूप परस्पर बदलू लागली होती म्हणून. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमध्ये मुलांनी तिथल्या तरुण कर्मचाऱ्याकडे मोटोक्रॉससारखी सायकल-शर्यत घेण्याचा हट्ट धरला आणि त्याने तो पुरवला. पुढच्या वर्षी १४ नोव्हेंबरला लाँग बीचच्या मोकळ्या जागेवर स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःच शर्यत भरवली. प्रवेशशुल्क पंचवीस सेंट, आणि बक्षिसे म्हणून त्याने मोटरसायकल शर्यतींत स्वतः जिंकलेले चषक दिले. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाची सुरुवात धुरळा उडवत जाणाऱ्या सायकलस्वार मुलांनी होते. तो पाहून अमेरिकाभर मोकळ्या प्लॉटांवर मातीचे उंचवटे उभे राहिले. मातीवरच्या सायकल-शर्यतींचा, म्हणजे बीएमएक्सचा जन्म असा, तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून झाला. मोठ्यांनी आखलेल्या आजच्या शिबिरांकडे पाहताना हा पोरांचा स्वयंभू काळ मला वारंवार आठवतो. त्या मोकळ्या जागांवर आता घरे आणि दुकाने उभी आहेत, आणि मुलाने घराबाहेर एकट्याने सायकल न्यावी असे रस्तेही उरलेले नाहीत. शिबिरांची गरज तिथूनच निर्माण झाली आहे.

याच काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत टमलपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण त्याच जुन्या बलून टायरच्या श्विन सायकली भंगारातून, गॅरेजांतून हुडकत होते. चार दशकांपूर्वीच्या या पोरांच्या सायकली थोड्याशा पैशांत मिळत आणि उतारावर मोडत नसत. १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅलीतल्या सायक्लोक्रॉस शर्यतीला कुपर्टिनोची ‘मॉरो डर्ट क्लब’ची मुले आली. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना गियर होते. मरीनच्या मंडळींनी ते डोळे भरून पाहिले, आणि पुढे गॅरी फिशर यांनी आपल्या जुन्या श्विनवर गियर चढवले. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्सजवळच्या एका खडबडीत वनरस्त्यावर पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटर उतरायचे. तळाला पोहोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून धूर होई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. चार्ली केली शर्यतीची आखणी करत आणि वेळ मोजत. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या वाटेसाठी मुद्दाम नवा सांगाडा घडवला. टॉम रिची सांगाडे बनवू लागले आणि १९७९ मध्ये फिशर व केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने धंदा उघडला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ आली आणि डोंगरी सायकल कारखान्यातून बाहेर पडू लागली. जी मूळची पोरांची, ती आता मोठ्यांची आणि महागडी झाली. दहा वर्षांच्या मुलाला ती झेपणारी नव्हती.

पाठोपाठ ते जुने भांडण उभे राहिले. टमलपाइसच्या वाटांवर चालणारे आणि घोडेस्वार यांनी सायकलींना हरकत घेतली आणि अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. १९८४ मध्ये वनखात्याने संरक्षित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रांतही सायकलबंदी स्पष्ट केली. यातून दोन गोष्टी निघाल्या आणि योगायोगाने दोन्ही १९८८ च्या. कॅलिफोर्नियातल्या सायकल-मंडळांनी एकत्र येऊन ‘आयएमबीए’ ही संघटना काढली, जिचा भर वाटांची निगा आणि सभ्य वर्तन यांवर होता. आणि मरीनमध्येच मॅरिलिन प्राइस यांनी ‘ट्रिप्स फॉर किड्स’ सुरू केले. शहरातल्या ज्या मुलांनी डोंगर जवळून पाहिलाही नव्हता, त्यांना सायकली आणि हेल्मेट देऊन त्या टेकड्यांवर न्यायचे. झुरिकचे बियोन आणि त्यांची ६८ मुले आपल्याला इथे पुन्हा भेटतात, मध्ये ११२ वर्षे लोटली असली तरी. मला विचाराल तर तंबू आणि दुचाकीच्या घराण्यांची खरी सोयरीक इथे झाली.

तिला इतरही हात लागले. पेनसिल्व्हेनियातले वुडवर्ड हे १९७० पासून जिम्नॅस्टिक्सचे उन्हाळी शिबिर होते. ऐंशीच्या दशकात तिथे बीएमएक्स आले. फोमने भरलेल्या खड्ड्यांत पडत-उठत उड्या शिकण्याची पद्धत सायकलवाल्या मुलांनाही लाभली, आणि मुलगा पडणार हे धरूनच पाठ आखायचा हा विचार रुजला. राष्ट्रीय विजेत्या जॅकी फेलन यांनी स्त्रियांसाठी ‘वॉमबॅट्स’ मंडळ काढून त्यांना शिबिरांतून तंत्र शिकवले. धाकदपटशा किंवा दमदाटी न करता, एकेक हालचाल सुटी करून समजावायची त्यांची रीत होती. ब्रिटिश कोलंबियाच्या गिब्सन्स गावात डग डेटवायलर या शाळाशिक्षकाने ‘स्प्रॉकिड्स’ नावाने मुलांसाठी डोंगरी सायकलिंगचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात तोल आणि ब्रेक यांच्याबरोबर रानाशी कसे वागायचे हेही होते. कौशल्याला पायऱ्या असतात आणि त्या शाळेतल्या विषयासारख्या शिकवता येतात, हे अशा अभ्यासक्रमांनी दाखवले.

मग आले मॅट फ्रिट्झिंगर, बर्कली हायस्कूलचे गणिताचे शिक्षक. त्यांनी शाळेत डोंगरी सायकलिंगचा संघ बांधला आणि २००१ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलांची साखळी शर्यत सुरू केली. २००९ मध्ये त्यातून ‘नायका’ ही राष्ट्रीय संघटना झाली आणि तिच्या शाखा एकामागून एक राज्यांत उघडत गेल्या. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. संघात राखीव खेळाडू नसतो; आलेला प्रत्येक जण शर्यतीत उतरतो आणि गुण मिळवायची संधी मुलामुलींना सारखी असते. प्रशिक्षकांना परवाने, प्रथमोपचाराचे शिक्षण आणि पायऱ्यांनी शिकवण्याची पद्धत मिळाली. उन्हाळी शिबिरांची संख्या वाढली ती यामुळे. शरदात किंवा वसंतात शर्यती असतील तर उन्हाळ्यात तयारी हवीच. टमलपाइसच्या पायथ्याशी वाढलेली आणि याच शालेय साखळीत घडलेली केट कोर्टनी २०१८ मध्ये लेन्झरहाइडला विश्वविजेती झाली. क्रॉस-कंट्री गटात अमेरिकी स्त्रीने सतरा वर्षांनी मिळवलेले हे पहिले विश्वविजेतेपद.

लहान मुलांपर्यंत शिबिर पोहोचायला आणखी एक अडसर होता आणि तो अगदी साधा होता. मुलांच्या सायकली जड होत्या. वीस किलोच्या मुलाला बारा-पंधरा किलोची सायकल चढावर न्यायची म्हणजे काय, हे मोठ्यांनी स्वतःच्या वजनाशी ताडून पाहावे. ब्रेकचा दांडा लहान बोटांच्या आवाक्याबाहेर असे. इंग्लंडच्या सायक्लोक्रॉस विजेत्या आयला राउंट्री यांनी २००६ च्या सुमारास ‘आयलाबाइक्स’ काढून सांगाडा हलका केला, पेडलचा दांडा आखूड केला आणि ब्रेक छोट्या हातांना बेतले. २०२३ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवले, पण तोवर मोठ्या कंपन्यांनीही तीच वाट धरली होती. त्याआधीच जर्मनीत पेडल नसलेली लाकडी सायकल दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी पुन्हा अवतरली होती. मूल पायांनी जमीन रेटते, तोल सांभाळते आणि पुढे पेडलवर सहज जाते. मानहाइमच्या ड्राइसची दुचाकी अशी पाळणाघरात पोहोचली.

राहिली खडी. १९९७ मध्ये इटलीच्या गायोले इन किआंती गावात पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या तळमळीने ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. २००६ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एम्पोरियाजवळच्या फ्लिंट हिल्समध्ये ३४ स्वार २०० मैलांच्या कच्च्या रस्त्यांवर निघाले. तिथला गारगोटीचा दगड टायर कापतो. रुंद, ट्यूब नसलेले, आत चिकट द्रव भरलेले आणि कमी हवेवर चालणारे टायर अशाच शर्यतींच्या गरजेतून पसरले. हीच शर्यत आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणून ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीत पहिले जागतिक ग्रॅव्हल अजिंक्यपद झाले. मुलांच्या शिबिरांत खडी शिरली ती या शर्यतींच्या झगमगाटाने कमी आणि पालकांच्या काळजीने जास्त. डांबरी रस्त्यावर मोटारी भरधाव आणि चालकाच्या हातात फोन. शेतातला खडीचा रस्ता निवांत असतो, मूल चुकले तर सावरायला जागा मिळते आणि पायवाटेइतके कसबही पहिल्या दिवशी लागत नाही. त्यामुळे अनेक शिबिरांत आता पहिले दोन दिवस खडीवर आणि मग जंगलात असा क्रम असतो. मोठ्या मुलांना एक रात्र सामान सायकलला बांधून बाहेरही नेतात.

सगळे ठीक चालले आहे असे नाही. निवासी सायकल-शिबिराचा खर्च सामान्य घराला झेपत नाही, आणि ट्रिप्स फॉर किड्ससारख्या उपक्रमांनी उसन्या सायकलींची सोय केली नसती तर हा सारा खटाटोप पुन्हा बॉल्चच्या काळातल्या हॉटेलांतल्या मुलांपुरताच उरला असता. उत्तम प्रशिक्षक असलेले शिबिर आणि गरीब वस्तीतले मूल यांच्यामधले अंतर अजून बरेच आहे, आणि ते कमी व्हावे ही माझी तीव्र इच्छा आहे.

वाटांचे भांडण मात्र शिबिरांनी अभ्यासक्रमात घेतले आहे. एका दिवशी मुलांच्या हातात फावडी आणि दाताळी दिली जातात. नायकाने तर किशोरांसाठी वाटांच्या देखभालीचे स्वतंत्र पथक उभे केले आहे. चाकाने पडलेल्या चरात पावसाचे पाणी वाहते आणि वाट खचते, म्हणून उताराच्या बाजूने पाणी बाहेर काढणारा आडवा चर कसा खणायचा, वळणावरचा मातीचा बांध कसा दाबून पक्का करायचा आणि ओल्या वाटेवर सायकल का न्यायची नाही, हे त्यांना दाखवतात. दुपारी नकाशा उघडला जातो. कोणती वाट कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ का द्यायचे, आणि कोणत्या वाटेवर सायकलला परवानगी कोणाच्या खटपटीने मिळाली, हे मुलांना त्यावर बोट ठेवून सांगितले जाते.